काशीदच्या आधी नांदगाव

“राजबुरी, मुरुड, विहूर, मजगाव...”

एकेक नाव घेत मबरूक रॅकच्या लोखंडी खांबावर तळहात मारत चालला होता. अरबी जिभेला ‘प’ जमत नाही, त्यामुळे राजपुरीची राजबुरी झाली होती. बाकी उच्चार मात्र असे चोख, की मुरुडच्या एसटीचा कंडक्टरही खूश झाला असता. मागे फकरुद्दीन चहाचा कागदी पेला हातात धरून उभा होता. पाचव्या खांबाशी मबरूक थांबला.

“काशीद,” तो म्हणाला. सहाव्यावर हात मारून म्हणाला, “नांदगाव. मग बारशीव, बोर्ली, कोर्लई...”

फकरुद्दीनने चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता तरी त्याने तो तोंडात उगाच घोळवला.

थेट बाराव्या रॅकपर्यंत, म्हणजे चौलपर्यंत जाऊन मबरूक परत आला. चौपन्न वर्षांचा, सागासारखा सरळ माणूस. डोक्यावरचे बारीक कुरळे केस कानांपाशी पांढरे झालेले. खिशातली छोटी डायरी त्याने उघडलीसुद्धा नव्हती.

“बरोबर, उस्ताद?”

“बरोबर,” फकरुद्दीन म्हणाला.

बरोबर नव्हतं. मुरुडहून रेवदंड्याकडे निघालं की आधी नांदगाव लागतं, मग काशीद. हे त्या किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. फकरुद्दीन तर बोर्लीचा. आठवीपासून अकरावीपर्यंत तो रोज एसटीने मुरुडला शाळेत जायचा, आणि खिडकीपाशी डोळे मिटून बसला तरी वळणांवरून गाव ओळखायचा.

सौदीतल्या यान्बूच्या रिफायनरीला माणसं आणि सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात त्याची तेवीस वर्षं गेली होती. त्या काळात चार मॅनेजर झाले. प्रत्येकाने रॅकना नवे नंबर दिले आणि जाताना गोंधळ मागे ठेवला. शेवटी फकरुद्दीनने सगळ्या पाट्या काढून टाकल्या आणि बारा रॅकना आपल्या रस्त्यावरच्या बारा गावांची नावं दिली. त्याच्या रजिस्टरात प्रत्येक वस्तूपुढे गावाचं नाव आणि खणाचा आकडा असे. कुठलं गाव कितवं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही पडली नव्हती, कारण मदतीला असायचे ते कादिरसारखे म्हसळ्या-श्रीवर्धनचे लोक. “कोर्लईच्या तिसऱ्यातला वॉल्व्ह आण,” म्हटलं की डोळे झाकून आणत.

मग निताकात आलं. कुठल्या कंपनीत किती सौदी माणसं, यावरून सरकारने कंपन्यांना रंग दिले आणि फकरुद्दीनची कंपनी लाल रंगात गेली. गोदामाची किल्ली आता सौदी माणसाच्या हातात हवी, असा हुकूम निघाला. सप्टेंबरात मबरूक हजर झाला. तीन महिने फकरुद्दीनने त्याला शिकवायचं. तो पास झाला की फकरुद्दीनच्या पासपोर्टावर फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी. नापास झाला तर दुसरा कोणी मिळेपर्यंत, म्हणजे निदान वर्षभर, फकरुद्दीनचा इकामा, राहण्याचा परवाना, चालू. पर्सोनेलच्या तरुण मॅनेजरने हे अगदी सहज, फोनवरची नजर न काढता सांगितलं होतं. फकरुद्दीनची मुलगी नूरैन इथल्याच भारतीय शाळेत बारावीला होती. मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा.

त्या दुपारी गोदामात येऊन त्याने मबरूकला पहिल्यांदा गावांची नावं सांगितली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला समजावत राहिला. पण जीभ घसरली नव्हती. मजगावनंतर तो क्षणभर थांबला होता, आणि थांबून ‘काशीद’ म्हणाला होता. मबरूकने ते डायरीत उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता आलं असतं. तिसऱ्या दिवशीही आलं असतं. त्या दोन रॅकवर माल होता तो वर्षातून एकदा, प्लांट बंद ठेवून दुरुस्ती करतात तेव्हाच लागायचा. त्यामुळे चूक उघडी पडत नव्हती, आणि रोज ती थोडी जास्त घट्ट होत होती.

वाईट हे, की मबरूक त्याला आवडायला लागला होता.

तो अठ्ठावीस वर्षं नॅशनल गार्डमध्ये होता. एक्क्याण्णवच्या आखाती लढाईत खफजी शहर परत घेतलं, तेव्हा हा दारूगोळ्याचा ट्रक घेऊन आत गेला होता. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्या खेपेला दोन टायर फुटलेले असताना रिमवर ट्रक चालवत त्याने चार जखमी बाहेर काढले. त्याच्याबरोबरच्या दोघांना बढती मिळाली. मबरूकच्या पाठीवर थाप पडली.

“त्यांच्या नावाला शेपूट होतं,” तो एकदा चहा पिताना म्हणाला होता. “अमुक टोळीचा, तमुक टोळीचा. माझं नाव मबरूक बिन साद बिन मबरूक. संपलं. आजोबांच्या मागे कोण, ते ज्याने त्यांना बाजारात विकलं त्यालाच ठाऊक. एका अधिकाऱ्याने विचारलं, तू कोणाचा? मी म्हटलं, गार्डचा. सगळे हसले.”

“मग?”

“मग मी अर्ज केला. दर वर्षी करतो. एकवीस झाले. पावत्या आहेत माझ्याकडे.” पावत्या म्हणताना त्याचा आवाज असा होता, जसं कोणी आपल्या पोरांबद्दल बोलावं. “मला पैसे नकोत, उस्ताद. पेन्शन आहे. मी तिथे गेलो होतो आणि ट्रक मी चालवला, एवढं एका कागदावर लिहून हवं. आणि आता ही नोकरी. अमीन मुस्तवदा, गोदामाचा राखणदार, दारावर नाव. साठ वर्षांत आमच्या घरात कोणाचं नाव कुठल्या दारावर लागलेलं नाही.”

त्याला बरं वाटावं म्हणून फकरुद्दीनने त्याला जंजिऱ्याची गोष्ट सांगितली. आमच्या गावाशेजारी समुद्रात किल्ला आहे, तिथे तीनशेच्या वर वर्षं हबशी नवाबांचं राज्य होतं, आणि तो किल्ला कोणालाही जिंकता आला नाही.

मबरूकचा पेला हवेतच राहिला. “काळे? माझ्यासारखे? आणि तुम्ही लोक सलाम करायचात?”

“आमच्या आजोबांनी केलेत.”

मबरूक इतका हसला की डोळे पुसावे लागले. ती गोष्ट त्याने घरी सांगितली आणि दुसऱ्या दिवशी नवे प्रश्न घेऊन आला. तोफा किती? नवाबाचं नाव काय? फकरुद्दीनने सगळं सांगितलं. एक मात्र सांगितलं नाही. बहीण जोहराला राजपुरीच्या एका सिद्दी घरातून मागणी आली होती. मुलगा शाळामास्तर, निर्व्यसनी. आई म्हणाली होती, “त्याचे केस बगलंस काय?” आणि वीस वर्षांचा फकरुद्दीन आईबरोबर हसला होता. जोहरा पाट्यावर मिरची वाटत होती, तिने मान वर केली नव्हती.

डिसेंबरात प्लांट बंद झाला आणि दुरुस्तीची धांदल उडाली. त्या सोमवारी सकाळी फकरुद्दीन इकाम्याच्या कामासाठी जवाजातच्या पासपोर्ट कचेरीत रांगेत होता. तारीख त्यानेच मागून घेतली होती. गोदामात मबरूक एकटा. वाफेच्या लाइनीसाठी चार इंची गॅस्केट हवीत, अशी चिठ्ठी आली. रजिस्टरात लिहिलेलं, काशीद, खण चौथा. मबरूक पाचव्या रॅककडे गेला आणि चौथ्या खणातून आठ काळ्या चकत्या मोजून दिल्या. त्या पाण्याच्या लाइनीच्या होत्या. वाफेच्या चकत्या दिसायला हुबेहूब तशाच, पण शेजारच्या रॅकवर. वर्कशॉपमध्येच कापलेला माल, त्याच्यावर छाप नाही की नंबर नाही.

दुपारी लाइनीत वाफ सोडली आणि जोड फुटला. गोदामातून कधीच दुरुस्तीच्या टोळीत गेलेला कादिर चार हातांवर उभा होता. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

मंगळवारी चौकशी झाली. म्हणजे पर्सोनेल मॅनेजरच्या खोलीत चार माणसं दहा मिनिटं बसली. मॅनेजर, प्लॅनिंगचे इंजिनियर श्यामकांत, मबरूक आणि फकरुद्दीन.

“तू याला सगळं शिकवलं होतंस?” मॅनेजरने विचारलं.

“शिकवलं होतं,” फकरुद्दीन म्हणाला.

“लाइन वाफेची आहे हे तुला माहीत होतं?” हा प्रश्न मबरूकला.

“होतं.”

“मग?”

मबरूक खुर्चीतून उठला. साहेबापुढे उत्तर देताना तो उभा राही, ती सवय सुटली नव्हती. “माल माझ्या हातून गेला. चूक माझी.”

“रविवारी तुझा कागद तयार होईल. तोवर घरी थांब.”

मबरूकने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. आवाज होऊ नये अशा बेताने ठेवला. फकरुद्दीनकडे पाहून मान किंचित झुकवली आणि बाहेर गेला.

दार लागल्यावर मॅनेजरने सुस्कारा सोडला. त्याने मबरूकसाठी एक शब्द वापरला. त्या शब्दाचा अर्थ गुलाम. “मी वर सांगितलं होतं, आकडा भरायला दुसरा कोणी द्या. ट्रक हाकण्यापलीकडे यांना काही येत नाही. रक्तात नसतं.” मग फकरुद्दीनकडे बघून हसला. “खलास, तुझं वर्ष वाढलं.”

फकरुद्दीन गालिच्याकडे बघत राहिला. आपण चूक पेरली खरी, पण तिला खतपाणी घालावं लागलं नव्हतं. कोणी विचारलं नाही की अठ्ठावीस वर्षं दारूगोळा मोजणारा माणूस आठ चकत्यांत कसा चुकला. कोणी रॅकपर्यंत गेलंही नाही. मबरूकचा चेहरा हाच पुरावा होता, आणि आपण नेमकं त्याच्याच भरवशावर होतो, हे त्याला तिथे बसल्या बसल्या कळलं.

बाहेर व्हरांड्यात श्यामकांतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. श्यामकांत भला माणूस. गणपतीत न चुकता फकरुद्दीनच्या घरी मोदक पाठवायचा, ईदला बिर्याणीला यायचा.

“सुटलात, फकरूभाई. आता हसा की जरा.”

“साहेब, गावांची नावं मीच उलटी सांगितली होती.”

“म्हणजे?”

“नांदगाव आणि काशीद. मुद्दाम. चूक त्याची नाही.”

श्यामकांतने इकडेतिकडे पाहिलं. व्हरांड्यात कोणी नव्हतं, आणि असतं तरी मराठी कोणाला कळत होतं! तरी त्याने आवाज खाली आणला.

“नूरैनची परीक्षा कधी?”

“मार्च.”

“मग मी काही ऐकलेलं नाही. तुम्हीही बोलला नाहीत. कादिरचा हात भाजलाय, अहो, पोलीस केस करतील तुमच्यावर. एक्झिट तर सोडाच. त्याचं काय जातंय? पेन्शन आहे, घर आहे, स्वतःचा देश आहे. आणि खरं सांगू? आज ना उद्या त्याच्याकडून काहीतरी झालंच असतं. ते काम त्यांचं नव्हेच.”

फकरुद्दीनला वाटलं, या बोलण्याने आपल्याला हायसं वाटेल. वाटलं नाही. उलट श्यामकांतचं शेवटचं वाक्य त्याला आपल्याच तोंडचं वाटलं.

कादिर कॅम्पात बाजेवर पडून होता, हाताला पांढरं बँडेज. फकरुद्दीन संत्री घेऊन गेला.

“चाचा, तुमी असतात तर ह्या झाला नसता,” कादिर म्हणाला.

“हां,” म्हणून फकरुद्दीन संत्रं सोलत बसला. सोललेलं संत्रं त्याने कादिरच्या हातात दिलं. मग दुसरं सोललं, मग तिसरं. कादिर एका हाताने किती खाणार?

खाई त्याला खवखवे म्हणतात. बुधवारी फकरुद्दीनला घास गिळवेना. बायकोने, बिलकिसने, बांगड्याचं कालवण केलं होतं, ते तसंच राहिलं.

“काय झालाय तुमाला?” ती म्हणाली. “वरीस वाढला, शुकराना पढायचा सोडून तोंड पाडून बसलाव.”

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, मजगावनंतर थांबला होता तेसुद्धा. बिलकिसने ऐकून घेतलं. उठून आतल्या खोलीचं दार लोटलं, कारण आत नूरैन मोठ्याने केमिस्ट्री पाठ करत होती. मग परत येऊन बसली.

“पोरीचा पेपर झाल्यावर सांगितलाव तर चालनार नाय?”

“रविवारी त्याचा कागद निघनार.”

तिने ताट उचललं. कालवणाचं भांडं झाकून फ्रिजमध्ये ठेवलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, “मला इचारू नका. मी आई हाय, मी सांगा नको असाच बोलनार.”

गुरुवारी दुपारी त्याने नूरैनच्या वहीतला एक कागद फाडून त्यावर इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. प्रशिक्षण देताना मी दोन रॅकचा क्रम जाणूनबुजून उलटा सांगितला. मबरूक बिन साद याने मी शिकवलं तसंच काम केलं. झालेल्या अपघाताला तो जबाबदार नाही. जबाबदार मी आहे. खाली सही केली. कागदाची चौघडी करून खिशात घातली आणि ऑफिससमोरून दोन वेळा गाडी नेली. दोन्ही वेळा पार्किंगला जागा होती.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर तो मबरूकच्या घरी गेला. बरोबर खजुराचा डबा घेतला, भेटीला जातो तसा. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. खरं तर मनात एक वेडी आशा होती. मबरूकला कदाचित दुसरीकडे कुठे काम मिळालं असेल. त्याला या सगळ्याचं फारसं काही वाटत नसेल. मग खिशातला कागद खिशातच राहिला तरी चालेल.

जुन्या यान्बूत बंदराच्या मागच्या गल्लीत त्याचं घर होतं. बाहेरची बैठकीची खोली स्वच्छ, भिंतीला लागून गाद्या. एका भिंतीवर ट्रकजवळ उभ्या असलेल्या एका तरुण शिपायाचा फोटो. घरात जायच्या दाराला जाड पडदा होता आणि पडद्यामागून भांड्यांचा आवाज येत होता.

“उस्ताद!” मबरूक म्हणाला आणि त्याने फकरुद्दीनच्या दोन्ही गालांना गाल लावले. “कादिरचा हात कसा आहे? मी दोनदा जाऊन आलो, तो झोपलेला होता.”

“बरा आहे.”

मबरूकने काहवा ओतला. दोन घोटांचे कप, बिनदुधाची कॉफी, वेलदोड्याचा वास. नोकरीचा विषय त्याने काढला नाही. यान्बूच्या वाऱ्याबद्दल बोलला, मासळीच्या भावाबद्दल बोलला. शेवटी फकरुद्दीननेच विचारलं, “पुढे काय करणार?”

“अर्ज,” मबरूक म्हणाला आणि स्वतःच हसला. कोपऱ्यातलं प्लास्टिकचं फुगलेलं फोल्डर त्याने थोपटलं. “बाविसावा. पण या वेळी काय लिहू तेच कळत नाही. तीन दिवस डोकं चालवतोय. मी पाचव्या रॅकला गेलो. काशीद. चौथा खण. माझ्या डोळ्यांसमोर आहे ते. खफजीत अंधारात मी पेट्या ओळखायचो, हाताने चाचपून. मी कुठे चुकलो, हे मला सापडत नाही, उस्ताद. चूक झाली याचं एवढं नाही. पण ती कुठे झाली ते सापडत नाही, म्हणजे म्हातारा झालो. कदाचित ते म्हणतात तेच खरं असेल.”

“कोण काय म्हणतं?”

“सगळे जे म्हणतात ते. मी अठ्ठावीस वर्षं मानलं नाही.” त्याने दोन्ही तळहात उघडून त्यांच्याकडे पाहिलं. “आता जरा शंका येते.”

फकरुद्दीनने कप खाली ठेवला.

मबरूकला वाटलं असावं, पाहुणा अवघडला. त्याने पटकन सूर बदलला. “एक गंमत सांगतो. माझी मुलगी जवाहिर कॉलेजात भूगोल शिकते. तुमच्या किल्ल्याची गोष्ट ऐकल्यापासून फोनवर तुमचा मुलूख बघत बसते. हिरवा समुद्रकिनारा, नारळ, सगळं दाखवलं तिने मला. एके दिवशी म्हणते, बाबा, तुमची गावं चुकली. मजगावनंतर नांदगाव येतं, मग काशीद. नकाशात तसं आहे.”

पडद्यामागचा भांड्यांचा आवाज थांबला होता.

“कधी?” फकरुद्दीनने विचारलं.

“झाले असतील दोन महिने. मी तिच्यावर असा ओरडलो! म्हटलं, नकाशे काढणारे एसीत बसून काढतात. हा माणूस त्या रस्त्याने शाळेत गेलाय. आपल्या गावचा रस्ता कोणी चुकीचा सांगतं का?”

तो हसत होता. नकाशावर हसत होता. काहव्याची किटली उचलून त्याने फकरुद्दीनच्या कपाकडे हात नेला.

“नकाशा बरोबर आहे,” फकरुद्दीन म्हणाला.

किटली कपाच्या वर तशीच राहिली.

“आधी नांदगाव, मग काशीद. मी उलटं सांगितलं. मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.” बोलणं एकदा सुरू झालं तसं त्याला थांबवता येईना. “माझी नोकरी जाणार होती म्हणून. मुलीची परीक्षा... नाही, ते जाऊ दे. ते कारण नाही. चूक झाली की सगळे ती तुझीच मानतील, हे मला ठाऊक होतं. म्हणून केलं. मला शरम वाटते.”

मबरूकने किटली खाली ठेवली. ओतली नाही. तो काही विचारेल, ओरडेल, निदान दाराकडे बोट दाखवेल, म्हणून फकरुद्दीन वाट पाहत होता. मबरूकने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो पडद्याकडे वळला.

“जवाहिर.”

“हां, बाबा.”

“ऐकलंस?”

पडदा किंचित हलला. मग हलका आवाज आला, “ऐकलं.”

“तू बरोबर होतीस. मी तुझ्यावर ओरडलो. मला माफ कर.”

पडद्यामागून पावलं आत गेल्याचा आवाज आला. फकरुद्दीनने खिशातून कागद काढून मबरूकपुढे ठेवला. त्याने घडी उलगडली.

“इंग्रजी आहे,” मबरूक म्हणाला. “वाच.”

फकरुद्दीनने एकेक ओळ अरबीत करून सांगितली. मबरूक मान खाली घालून ऐकत होता, एकवीस अर्ज लिहिलेला माणूस बाविसावा ऐकतो तसा. संपल्यावर त्याने कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला, उजेडाकडे धरला.

“यावर तारीख नाही.”

फकरुद्दीनने सहीखालच्या कोऱ्या जागेकडे पाहिलं.

“माझे पहिले दोन अर्ज याच कारणाने परत आले होते. तारीख नसेल तर तो अर्ज नव्हे. कधीचाही असू शकतो.”

“तारीख घातली की द्यावाच लागला असता,” फकरुद्दीन म्हणाला. “म्हणून घातली नाही.”

मबरूकने फोल्डरला अडकवलेलं पेन काढून त्याच्यापुढे धरलं. फकरुद्दीनने सहीखाली तारीख लिहिली. मबरूकने खूण केली तशी तिच्याशेजारी हिजरी तारीखही लिहिली. ती त्याला आठवेना, मबरूकने सांगितली.

“रविवारी ऑफिस उघडलं की पहिलं काम हेच करतो,” फकरुद्दीन म्हणाला आणि कागद परत घ्यायला त्याने हात पुढे केला.

मबरूकने कागदाची घडी केली. जुन्या घडीवरून न करता, नीट, कडेला कड लावून केली. मग फोल्डर उघडून सगळ्यात वरच्या कप्प्यात तो कागद सरकवला आणि बटण लावलं.

“हा इथे राहू दे,” तो म्हणाला. “रविवारी सात वाजता मी गेटवर असेन, फकरुद्दीन. तू ये.”

तेवढ्या महिन्यांत त्याने पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली होती. फकरुद्दीनचा हात अजून पुढे होता. त्याने तो मागे घेतला, आणि चपला घालायला उठला.